डाव्या गुडघ्याची भारचाचणी

शनिवार, ९ मार्च

आजची नोंद पलंगावर आडवी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट.

कंपनीच्या वार्षिक खेळांत मी भाग घेत नाही. आज घेतला. लिफ्ट विभागाला व्हॉलीबॉलसाठी सहावा माणूस मिळेना, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त उभ्या राहा हो. जागा भरा." समोर सरकत्या जिन्यांचा विभाग होता. मी जागा भरली. दुसऱ्या डावात चेंडू माझ्या डोक्यावरून चालला होता आणि मला वाटलं, हा घेता येईल. उडी बरोबर होती. चेंडूही बरोबर लागला. खाली येताना डावं पाऊल जमिनीत रुतलं, वरचं अंग उजवीकडे वळलं आणि गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला. जाळीपलीकडच्या माणसालाही तो ऐकू गेला. तो माणूस म्हणजे त्या विभागाचा मुख्य परीक्षक. ऑफिसात त्याला सगळे 'जिनेवाले' म्हणतात. तो जाळीखालून वाकून आला.

"हलू नका. आवाज चांगला नव्हता."

"माहीत आहे. पॉइंट आमचा."

पॉइंट आमचाच होता. नंतर पंचांना विचारून खात्री केली.

गुडघा आता नारळाएवढा झाला आहे. काळजी मात्र गुडघ्याची नाही, तारखेची आहे. नव्या चाळीस मजली मनोऱ्याची मुख्य लिफ्ट पहिल्या आराखड्यापासून मी पाहते आहे. सप्टेंबरअखेर तिची अंतिम चाचणी. ती घेणाऱ्याला उभ्या शिडीनं लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरावं लागतं, आणि पाय धड नसलेल्याला कंपनी तिथे उतरू देत नाही. ही चाचणी मला घ्यायची आहे. बाकी कशाबद्दल माझा एवढा आग्रह नाही.

गुरुवार, १४ मार्च

स्कॅनचा निकाल आला. गुडघ्याच्या मधोमध एक लिगामेंट असतं, ते नडगीला पुढे घसरू देत नाही. माझं पूर्ण तुटलं आहे. बाकीचं सगळं शाबूत.

मी सर्जनना विचारलं, "टोकाला टोक जोडता येणार नाही?"

"कुंचा झालाय त्याचा. कुंच्याला काय शिवणार? तुमच्याच मांडीच्या मागून स्नायूची एक दोरी काढतो, चार पदरी करतो, हाडांना वर-खाली बोगदे पाडतो आणि त्यांतून ओवून पक्की बसवतो."

"चार पदरी झाल्यावर किती भार घेईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लोक मला विचारतात, दुखेल का."

"ते विचारून भार बदलत नाही."

सर्जन हसले. "मूळच्यापेक्षा जास्त घेईल. बसवली त्या दिवशी तरी." पुढे ते रुजणं, रक्तपुरवठा असं बरंच सांगत होते, पण मला हवं ते मिळालं होतं. नवा दोर जुन्यापेक्षा मजबूत. ही भाषा मला समजते.

खड्ड्यात कधी उतरता येईल? तर साडेपाच-सहा महिन्यांनी, आणि तेही फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलं तर. ऑपरेशन २ एप्रिलला. हिशेब जेमतेम बसतो.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "तारीख हलणार नाही. तुमचं पत्र आलं तर तुम्ही, नाहीतर जिनेवाले घेतील."

ज्यानं आयुष्यभर जिने तपासले तो माझ्या लिफ्टला हात लावणार. जिना बिघडला तर थांबतो आणि लोक चालत वर जातात. लिफ्टचं तसं नसतं. त्याला हे कोण समजावणार?

रविवार, १७ मार्च

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर करण्यासारखे सगळे विनोद आज दादानं एका दमात केले.

दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. बरोबर वहिनी होत्या. वहिनी मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि सवय अशी की कोणी जरा भलतं बोललं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातो.

"सामान बांध," वहिनी म्हणाल्या. "आमचं घर तळमजल्यावर आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

"मी नर्स ठेवणार आहे."

"ठेव की. आमच्याच घरी ठेव. मलाही गप्पांना कोणीतरी होईल."

"पट्टे, वाद घालू नकोस," दादा म्हणाला. (फूटपट्टीतली पट्टी. मी आठ वर्षांची असल्यापासून.) "ही दिवसभर लोकांना 'डावीकडे घे' म्हणते आणि लोक घेतात. मी पण घेतो."

त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली. वहिनींचं आणि माझं कधी भांडण झालेलं नाही. भांडायला जेवढी ओळख लागते तेवढी आमची नाही. सणवारी भेटतो, तब्येत विचारतो, निघतो. ही व्यवस्था मला सोयीची होती.

मंगळवार, २ एप्रिल

झालं. बोटं हलतात. पेन घसरतंय.

वहिनी सांगतात, शुद्धीवर येताना मी "दोराला तेल लावू नका" म्हणून वॉर्डबॉयवर ओरडत होते. आणखीही काही बोलत होते म्हणे. काय, ते सांगत नाहीत. "मला आवडलं," एवढंच म्हणाल्या.

सोमवार, ८ एप्रिल

घरी, म्हणजे त्यांच्या घरी. मला आतली खोली दिली आहे, खिडकीजवळ पलंग, हाताशी मेज. दादा-वहिनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. उन्हाळ्यात तिथे वारा जास्त लागतो म्हणे. मी आडवी पडून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण वाऱ्याची दिशा पाहता ते पटत नाही.

पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा सापळा. कुबड्या. दर थोड्या वेळानं बर्फ. फिजिओथेरपिस्टबाई घरी येऊन गेल्या. उंच, आवाज मैदानावरचा. त्यांना गुडघा वाकण्यापेक्षा सरळ होण्याची घाई. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय नुसता लोंबू द्यायचा. हे इतकं दुखतं की मी छताच्या फरशा मोजल्या आणि एक तिरकी बसवलेली सापडली.

आज आंघोळीचा प्रश्न आला. मी म्हटलं, मी करीन. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पाय पिशवीत बांधला आणि मग लक्षात आलं की केस धुवायला दोन हात लागतात आणि मला धरून बसायलाही दोन.

"आत येऊ?" बाहेरून वहिनी.

"नको."

"डोळे मिटून येते."

"डोळे मिटून आलात तर पडाल. मग दोघींचं ऑपरेशन."

"मग उघडे ठेवून येते, बाई!"

आल्या. केस धुतले. त्या सगळा वेळ त्यांच्या एका शिकाऊ माणसाबद्दल बोलत होत्या, जो वळताना हात दाखवण्याऐवजी गाडीला बोटानं रस्ता दाखवतो. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाण्याचं तापमान बरोबर होतं. असं नेहमी जमत नाही.

रविवार, १२ मे

कुबड्या गेल्या. सापळाही गेला. गुडघा काटकोनाच्या पुढे वाकतो. मी घरात चालते आणि पायऱ्या एक एक करून चढते.

जिनेवाला आला होता. बरोबर माझ्या लिफ्टचे आराखडे. मला वाटलंच होतं. तयारीला लागलाय. अर्धा दिवस बसला आणि प्रश्न विचारत राहिला. लिफ्टला तोलून धरणाऱ्या प्रतिभाराची चौकट कशाला असते, दोर एकाऐवजी आठ का असतात. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येतं. मी सगळं नीट समजावलं. त्यानं मान डोलावली आणि चहा तीनदा घेतला.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "याला इतकं काही येत नाही, तर याची नोकरी टिकली कशी?"

"तेच म्हणते मी."

"आणि पुढच्या रविवारीही येतोय."

"साहजिक आहे. अजून बरंच राहिलंय."

वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा चष्मा पुसत होता. खूप वेळ पुसत होता.

शनिवार, ८ जून

गुडघा उत्तम आहे. सूज नाही, दुखणं नाही. तरी फिजिओबाई मला जपून वागवतात, जसं काही काचेचं सामान. हे मला पटत नाही. भाग नवा आहे, मूळच्यापेक्षा मजबूत आहे, बसवणाऱ्यानं तसं सांगितलं आहे. नवा भाग बसवल्यावर आपण काय करतो? भारचाचणी. लिफ्टमध्ये पूर्ण भार घालायचा, वर पाव हिस्सा जास्त, आणि चालवून पाहायची. टिकली तर पुढे शंका नको. नाहीतर सप्टेंबरपर्यंत मी अंदाजावर जगणार.

शेडमध्ये वहिनींच्या गाडीची जुनी बॅटरी आहे. वजनकाट्यावर ठेवली. माझ्या वजनाचा पाव हिस्सा, जवळजवळ तंतोतंत. दादाच्या पाठपिशवीत घातली, पिशवी पाठीवर चढवली आणि मागच्या दाराच्या पायरीवरून फक्त डाव्या पायानं उतरले, चढले, उतरले. थकेपर्यंत. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही.

निकाल: उत्तीर्ण.

रविवार, ९ जून

गुडघा फुगला आहे. रात्रीत.

मी लांब पायजमा घातला आणि कोणाला सांगितलं नाही. बर्फ घ्यायला स्वयंपाकघरात जाणार, तेवढ्यात न्हाणीघरातून दादाची हाक.

"अगं ए, आपली बॅटरी डाएटवर आहे का? वजन करतेय ती."

काट्यावरून उचलून ठेवायची राहिली होती. वहिनी आल्या. त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्या पायजम्याकडे पाहिलं. मग खाली बसून तो वर केला.

"हे काय केलंस?"

"भारचाचणी. सव्वापट. तसा नियम आहे."

"माणसाला?"

"तत्त्व तेच."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मी शेजारच्या खोलीत होते!"

"तुम्ही करू दिली नसती."

"नसतीच दिली! वेडी आहे का मी?"

"गुडघा माझा आहे, वहिनी."

"आणि घर माझं आहे! माझ्या घरात माझ्या माणसाला सूज आली तर ती मला कळली पाहिजे. पायजम्यात लपवायची नाही!"

मी म्हणाले, आवाज चढवायची गरज नाही. त्या म्हणाल्या, हा चढवलेला आवाज नाही, चढवलेला ऐकायचाय का? मग तोही ऐकवला. मीही काही बोलले. पिशवीचा बंद तुटला हेही मध्येच निघालं. दादा म्हणाला, मी दुकानात जाऊन येतो, आणि गेला. रविवारी दुकान बंद असतं.

मग वहिनींनी बर्फ आणला, पाय उशीवर ठेवला आणि फिजिओबाईंना फोन लावला. माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पण बर्फ विरघळला की दुसरा येत होता.

सोमवार, १० जून

फिजिओबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बॅटरीचं वजनही विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लिफ्टचा दोर सगळ्यांत मजबूत कधी असतो?"

"बसवला त्या दिवशी."

"आमचा उलटा. मांडीतून काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बसवल्यावर तो आधी मरतो. मग हळूहळू त्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात, नवीन पेशी येतात आणि तो पुन्हा जगायला लागतो. आणि या मरण्या-जगण्याच्या मध्ये, सर्वांत अशक्त कधी असतो सांगू? आत्ता. या महिन्यात. नेमका तुम्हाला बरं वाटायला लागतं तेव्हा."

मला सर्जनचं ते 'त्या दिवशी तरी' आठवलं.

त्यांनी तिथूनच सर्जनकडे पाठवलं. एका हातानं मांडी धरून, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढून सर्जननी तपासलं. दोर ताठ असेल तर नडगी एका जागी टक्कन थांबते, सैल झाला असेल तर सरकत राहते. ते ओढत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहिलं.

"थांबतेय," ते म्हणाले. "नशीब तुमचं. सूज उतरेपर्यंत व्यायाम बंद. आणि बॅटरी गाडीत ठेवा."

मी मागे पडले. सप्टेंबर अजून अशक्य नाही, पण आता एकही चूक परवडणार नाही.

सगळा दिवस वहिनी बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, आज एकही शिकाऊ नाही, मोकळीच आहे. त्यांचा फोन मात्र सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी कोपऱ्यात जाऊन हळू बोलत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, राँग नंबर. एकाच दिवसात एवढे राँग नंबर कसे येतात? तक्रार करायला हवी.

परत येताना गाडीत मी म्हणाले, "काल मी जरा जास्त बोलले."

"मी काय कमी बोलले?" वहिनी म्हणाल्या. "बरं वाटलं. सहा वर्षं पाहुणीशी बोलल्यासारखं बोलत होते मी तुझ्याशी."

शुक्रवार, १९ जुलै

फिजिओबाईंच्या यंत्रावर दोन्ही पायांची ताकद मोजली. डावा उजव्याच्या जवळपास आला आहे. बाई खूश. "आता उडी. दोन्ही पायांनी वर, दोन्ही पायांनी खाली. छोटीशी."

मी उभी राहिले. गुडघे वाकवले. आणि तशीच राहिले.

"मारा."

मला मारायची होती. स्नायूंत ताकद आहे, आकडे समोरच होते. पण टाचा जमिनीवरून सुटल्या नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. गुडघे वाकतात, हात मागे जातात, आणि तिथे काहीतरी बंद होतं. बाई म्हणाल्या, होतं असं, बऱ्याच जणांचं होतं. तो 'टक्' कानात बसलेला असतो. म्हणाल्या, पण उडी आणि उतरणं पाहिल्याशिवाय मी पत्र देऊ शकत नाही. तुम्ही दिलं असतं का?

मी दिलं नसतं.

हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते: मी घाबरले आहे. यंत्रात बिघाड नाही आणि यंत्र चालत नाही. अशा लिफ्टबद्दल मी अहवालात काय लिहीन, मला सुचत नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

अजून नाही. रोज प्रयत्न करते आहे. आज जिनेवाला आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "तुम्ही तयारी करून ठेवा. चाचणी बहुतेक तुम्हालाच घ्यावी लागेल." त्याला आनंद व्हायला हवा होता. तो म्हणाला, "मी साहेबांना सांगितलंय, मला ही लिफ्ट समजत नाही. तुमच्याशिवाय कोणालाच समजत नाही."

"मग मी तीन महिने काय शिकवलं?"

"मी जरा मंद आहे," तो म्हणाला.

याच्या बुद्धीबद्दल आता मला खरंच चिंता वाटते. तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, एवढं गप्प का? मी उडीचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. खुर्चीत त्यांचा पाय दाबला गेला.

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी उठले तर बाहेरच्या खोलीतल्या गाद्या गायब. घरामागच्या आवारात, जिथे वहिनी शंकू मांडून गाडी मागे घ्यायला शिकवतात, तिथे सगळ्या एकावर एक पसरलेल्या. शेजारी वहिनी, कमरेवर हात.

"ये. आज पडायचं."

"उडी मारायची आहे, वहिनी. पडायचं नाही."

"ऐक. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच भीती, गाडी मध्येच बंद पडेल. म्हणून पहिल्या दिवशी मी बंदच पाडायला लावते. मुद्दाम. क्लच सोड, पाड बंद. पुन्हा चालू कर, पुन्हा पाड. मागचे हॉर्न वाजवू देत. कंटाळा येईपर्यंत. एकदा कंटाळा आला ना, की भीती आपोआप उठून जाते. फिजिओबाईंना विचारलंय मी. उजव्या कुशीवर पडायचं, डावा गुडघा पिळू द्यायचा नाही. गाद्या चार हव्यात, असं त्या म्हणाल्या. मी पाच घातल्यात."

मी म्हणाले, हे शास्त्रीय नाही. त्या म्हणाल्या, बॅटरी शास्त्रीय होती का?

पडले. उभ्यानं, लाकडासारखी. गादीचा वास आला.

"छान. पुन्हा."

पुन्हा पडले. दादा दात घासत बाहेर आला, पाहत राहिला, ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाला, "मी पण." आणि पडला. त्याच्या पडण्यानं मी गादीवरून वर उडाले. वहिनी म्हणाल्या, तुला कोणी बोलावलं होतं, आणि त्याला उठवताना त्याही पडल्या. कुंपणापलीकडून शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "काय चाललंय काय?"

"लिफ्ट खाली येतेय!" दादा ओरडला.

मग मी पडत राहिले. उजवीकडे, मागे, गुडघे वाकवून, हात पसरून. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी खरंच कंटाळा आला. ऊन चढलं होतं, केसांत कापूस, आणि मला चहा हवा होता.

"आता पडताना आधी जरा वर जा," वहिनी म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "नुसतं पडण्यात काय मजा?"

"वहिनी, सोडू नकोस!"

"धरलंय."

टाचा सुटल्या. फार नाही, जेमतेम दोन पुस्तकांएवढं अंतर. खाली आले ती उभीच आले. दोघींनी गादीकडे पाहिलं. कोणीही पडलेलं नव्हतं.

"हे काय? पड ना!" ती म्हणाली.

पुन्हा मारली. मग हात न धरता. मग गादीबाहेर, मातीवर. दादा टाळ्या वाजवत होता. मास्तरही. वहिनी आत चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. दूध उतू गेलं म्हणाली, पण शेगडी कोरडी होती.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पत्र मिळालं.

फिजिओबाईंनी सगळं करून घेतलं. दोन पायांच्या उड्या, एका पायाची उडी, पायरीवरून उतरून थांबणं, व्यायामशाळेतली उभी शिडी. मग दोन्ही पायांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि सही केली. म्हणाल्या, खेळायला अजून तीन महिने नाही. मी म्हणाले, खेळायला कधीच नाही. त्या म्हणाल्या, बघू.

साहेबांना पत्र दिलं. जिनेवाला तिथेच होता. "बरं झालं," तो म्हणाला, "आता मला ते आठ दोरांचं विसरता येईल."

येत्या रविवारी माझ्या घरी परत जायचं ठरलं होतं. जाऊन तिन्ही मजले चढून पाहिले, अडचण नाही. फक्त जिन्याच्या कठड्याचा एक स्क्रू ढिला आहे. तो बसेपर्यंत थांबलेलं बरं. सुताराला सांगायचं आहे. या आठवड्यात जमलं नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

चाचणी झाली.

सकाळी दादानं सोडलं. मनोऱ्याच्या तळाशी साहेब, इमारतीचे मालक, त्यांचे इंजिनियर, आमची माणसं. मी लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून कुलूपबंद केली, खालचं दार उघडलं आणि हेल्मेटचा पट्टा ओढला. जिनेवाला दाराशी टॉर्चचा झोत धरून उभा राहिला. त्याचं तिथे काही काम नव्हतं. खड्ड्यात दिवा आहे.

साहेब म्हणाले, "सावकाश."

मी शिडीवर पाठमोरी वळले आणि उतरले.

खाली सगळं स्वच्छ होतं. दणका सोसणाऱ्या दोन्ही बफरांमध्ये तेल खुणेपर्यंत. रंग नवा. पूर्वेच्या भिंतीवर ओलीची एक जुनी रेघ, पण खाली जमीन कोरडी. कोपऱ्यात कोणाचा तरी एक हातमोजा राहिलेला, तो उचलून खिशात घातला. मोजमापं घेतली, वर ओरडून सांगितली, जिनेवाल्यानं परत म्हणून दाखवली. एकही चुकली नाही. मग वर आले.

त्यानंतर भार. लिफ्टमध्ये वजनं रचली, पूर्ण भार आणि वर पाव हिस्सा. सगळे बाहेर, दारं बंद. मी नियंत्रणाच्या पेटीपाशी. लिफ्ट खाली सोडली आणि चालत्यातच वेगमर्यादेचं चाक अडवलं. असं केलं की लिफ्टला वाटतं, आपण पडतो आहोत, आणि तिच्या तळाशी असलेली पकड रुळांना धरते. धरायला हवी. त्या क्षणाला कोणीच काही करू शकत नाही. दोन वर्षं जे केलं ते तेवढ्यात कळतं.

शाफ्टमधून एक जाडसर धप्प आवाज आला. मग शांतता.

मी चाकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. थांबली होती. जाऊन रूळ पाहिले: पकडीच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या. लिफ्टची जमीन सपाट. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी निकाल मोठ्यानं वाचला. मंजूर. मालकांनी टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि ओशाळले. मग जिनेवाल्यानं साथ दिली. जाताना तो म्हणाला, रविवारी येऊ का, एक शंका आहे. मी विचारलं, कसली? तो म्हणाला, रविवारपर्यंत सुचेल. मी म्हटलं, या.

घरी आले तर वहिनी दारातच.

"झालं?"

"झालं. मंजूर."

"ते कळलं गं, तुझ्या दादाला तुझ्या साहेबांनी फोन केला होता. खड्ड्याचं सांग. उतरलीस?"

"उतरले."

"शिडी संपते तिथे खाली जरा उडी लागते म्हणाली होतीस ना? मग कुठला पाय आधी टेकला?"

मी आठवून पाहिलं. शिडी आठवली, गज थंड होते. तेलाची पातळी आठवली, ओलीची रेघ, हातमोजा डाव्या हाताचा होता तेही. पाय आठवेना.

"पाहिलं नाही," मी म्हणाले.

"काय?"

"माझं लक्ष नव्हतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग आतल्या दिशेनं ओरडली, "अहो, ऐकलंत का! आपल्या पट्टीचं लक्ष नव्हतं!" आणि दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. दादा बाहेर आला आणि काय झालं ते न विचारताच तोही हसायला लागला.

एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. माझी एक महत्त्वाची नोंद राहून गेली होती. पण मीही हसत होते, चांगलं पोट दुखेपर्यंत, आणि बूट काढायला उंबऱ्यावर बसले तेव्हा वहिनी म्हणाली, "सरक जरा," आणि शेजारी बसली.

सुताराला अजून सांगितलेलं नाही.